पक्षी पाहायचे तर पंचांग हवे

उपनगरात पक्षी पाहायला कुठे जावे, या प्रश्नाची उत्तरे ठरलेली आहेत: बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, आरे, पवई तलाव, भांडुपचे पंपिंग स्टेशन. ती चुकीची नाहीत, पण अर्धी आहेत. जानेवारीत गजबजलेली खाडी ऐन जुलैत गाठली की ओस वाटते आणि दोष जागेला दिला जातो. पक्षी जागेला बांधलेला नसतो. तो खाद्याला आणि आडोशाला बांधलेला असतो, आणि या दोन्ही गोष्टी ऋतूप्रमाणे सरकतात. म्हणून चांगली जागा शोधायची तर नकाशाइतकेच पंचांगही उघडावे लागते. हे अक्षरशः घ्यावे.

ठाण्याच्या खाडीचेच पाहा. मुलुंड, भांडुप, घाटकोपर पूर्वेकडे जिथे संपतात तिथे तिवरांची पट्टी लागते आणि तिच्यापलीकडे चिखल. या खाडीचा सुमारे १६९० हेक्टरचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून मेअखेरपर्यंत इथे रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे थवे असतात. जोडीला शेकाटे, तुतवार, थापटे. पण पूर्ण ओहोटीला सगळी मंडळी दूरवरच्या चिखलात पांगतात आणि दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. पाणी चढू लागले की तीच किनाऱ्याकडे ढकलली जातात. कोकण किनाऱ्यावरचा जुना आडाखा इथे कामी येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा, तृतीयेला सव्वादोन. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तिला जोर नसतो. उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे. त्यात उन्हाचाही हिशेब आहे. भांडुपच्या बाजूने सकाळी पाहिले तर सूर्य समोर येतो आणि गुलाबी पक्षी काळे दिसतात. ऐरोलीच्या काठावरून त्याच वेळी ऊन पाठीशी असते. तेव्हा चतुर्दशीची सकाळ ऐरोलीला द्यावी आणि द्वितीया-तृतीयेची दुपार भांडुपला, कारण तेव्हा पाणी उतरताना काठाजवळचा चिखल आधी उघडा पडतो. नेमकी वेळ अर्थात भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यात पाहावी.

जंगलात भरतीची जागा झाडे घेतात. राष्ट्रीय उद्यानाचा विस्तार सुमारे १०४ चौरस किलोमीटर, पक्ष्यांच्या नोंदलेल्या जाती अडीचशेहून अधिक; तरी एखाद्या दिवशी तासभर चालून हाती काही लागत नाही. कारण वर्षातल्या कुठल्याही आठवड्यात मेजवानी मोजक्याच झाडांवर असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि सावर निष्पर्ण होऊन फुलतात, तेव्हा वाटा तुडवण्यापेक्षा फुललेल्या एका पांगाऱ्यासमोर थांबणे फायद्याचे. कोतवाल, हरेवा, शिंजीर, भोरड्या पाळीपाळीने येतात. मैनेच्या कपाळावर परागांचा डाग दिसला की ती नुकतीच कुठून आली ते कळते. पुढे वड-उंबर पिकले की तांबट आणि धनेश तिकडे. पहिल्या सरींच्या सुमारास नवरंग येतो. दाट पानांमुळे तो दिसण्याआधी त्याची शीळ ऐकू येते. पावसाळ्यात जागा कानाने शोधायची असते. याच दिवसांत आफ्रिकेतून चातक येतो आणि आरेतल्या गवताळ कडेला सुगरणी घरटी विणू लागतात.

यावर आक्षेप येतो की आता मोबाइलवर सगळ्या नोंदी मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला? नोंद सांगते ती काल पक्षी कुठे होता ते. तो तिथे का होता हे कळले तरच उद्याची जागा सांगता येते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: जागा कळल्या की कॅमेऱ्यांची गर्दी होते. खरे आहे, आणि घरट्याची जागा म्हणूनच कुणाला सांगू नये. रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढणे तर निव्वळ छळ. पण खाद्याच्या जागा मुळीच कुणाला ठाऊक नसल्या तर त्या बुजताना बोलणारेही कुणी उरत नाही. भरतीला चिखल बुडाला की रोहित नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर विसाव्याला जातात. खाडी राखली आणि त्या पाणथळी घालवल्या तर अभयारण्याच्या पाटीला अर्थ राहत नाही. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर विमानाच्या धडकेने सुमारे ४० रोहित मेले. या थव्यांच्या वाटा शहराच्या डोक्यावरूनच जातात, हे बहुतेकांना तेव्हा कळले.

राहता राहिला अंधेरीच्या इमारतीतला माणूस, ज्याला ना खाडी जवळ ना रविवार मोकळा. त्याने आवारातल्या झाडाची सुकलेली फांदी पाहावी. तिच्या खालच्या अंगाला वाटोळे भोक असेल तर ते बहुधा तांबटाचे. थंडी सरता सरता तो ते कोरू लागतो आणि उन्हाळ्यात आत पिल्ले असतात. नेमक्या याच महिन्यांत सोसायट्या पावसाळ्यापूर्वीची छाटणी उरकतात आणि सुकलेली फांदी पहिली जाते. धोका नसेल तिथे तेवढी फांदी पाऊस संपेपर्यंत राहू द्यावी, असे सोसायटीच्या बैठकीत मांडायला दुर्बीण लागत नाही.