पुनरुत्थान म्हणजे नेमकं काय? ख्रिस्ती लोकांसाठी ईस्टर नाताळपेक्षाही मोठा का?

दरवर्षी गुड फ्रायडेला सोशल मीडियावर एक गोंधळ ठरलेला असतो. कुणीतरी 'हॅपी गुड फ्रायडे' असं स्टेटस टाकतं आणि कमेंटमध्ये कुणीतरी समजावतं, की अहो, हा येशूच्या मृत्यूचा दिवस आहे, शुभेच्छा देऊ नका. दोन दिवसांनी ईस्टर येतो. तेव्हा रंगीत अंड्यांचे आणि सशांचे फोटो फिरतात, पण सण कशाचा ते बाजूलाच राहतं.

क्रूसावर मरण पावलेला येशू तिसऱ्या दिवशी कबरेतून उठला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. त्या पुनरुत्थानाचा हा सण. थाटमाट नाताळचा असतो, पण धर्माच्या दृष्टीने सगळ्यात मोठा दिवस ईस्टरच. तो पौर्णिमेवरून ठरतो, म्हणून तारीख दरवर्षी बदलते.

पुनर्जन्म नाही, मग काय?

पुनर्जन्मात आत्मा नवं शरीर घेतो. इथे तसं नाही. शुभवर्तमानांनुसार कबर रिकामी होती. उठलेल्या येशूच्या शरीरावर खिळ्यांचे व्रण तसेच होते आणि शिष्यांसमोर त्याने भाजलेला मासाही खाल्ला. पण जुनंच आयुष्य पुढे सुरू झालं, असंही नाही. दारं बंद असलेल्या खोलीत तो अचानक येऊन उभा राहतो. जवळच्या माणसांनाही तो चटकन ओळखू येत नाही. पुन्हा कधीही मरण नसलेलं हे आयुष्य आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो.

येशूला क्रूसावर चढवलं गेलं, हे बहुतेक इतिहासकार मान्य करतात. तो उठला की नाही, हा मात्र श्रद्धेचा प्रश्न आहे. या श्रद्धेवर किती भार आहे, हे पौलाने त्यानंतर साधारण 20 ते 25 वर्षांतच लिहून ठेवलं. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पाठवलेल्या पहिल्या पत्रात तो स्पष्ट सांगतो, की ही गोष्ट खोटी असेल तर आपल्या विश्वासात काहीच उरत नाही. स्वतःच्या धर्माबद्दल इतकं उघड लिहायला धाडस लागतं.

बातमी आधी बायकांना कळली

योहानाच्या शुभवर्तमानात उठलेला येशू सर्वांत आधी मग्दालिया मरियेला दिसतो. बायकांच्या साक्षीला फारसं वजन नसलेला तो काळ. लूक तर लिहितो, की बायकांचं बोलणं शिष्यांना बडबड वाटली. थोमा या शिष्याने व्रणांना हात लावल्याशिवाय मानणार नाही, असं बजावलं. येशूने त्याला हाकलून न देता व्रण दाखवले. परंपरेनुसार हाच थोमा पुढे भारतात आला आणि चेन्नईतल्या मैलापूरला त्याची समाधी मानली जाते.

तीन वेळा नकार, तीन वेळा एकच प्रश्न

श्रद्धेचं झालं, पण प्रेमाचं काय? त्यासाठी पेत्राची गोष्ट वाचावी लागते.

येशूला अटक झाली त्या रात्री पेत्र अंगणात निखाऱ्यांवर हात शेकत उभा होता. 'तूही त्याच्यातलाच ना?' असं लोकांनी विचारलं आणि त्याने तीन वेळा ओळख नाकारली. मित्र मरायला निघालेला आणि हा जीव वाचवत होता. पुनरुत्थानानंतर पेत्र गालील समुद्रावर मासे धरायला जातो. रात्रभर हाती काही लागत नाही. पहाटे किनाऱ्यावर येशू असतो आणि पुन्हा निखारेच पेटलेले असतात, त्यावर मासे. आधी तो सगळ्यांना न्याहारी देतो. मग पेत्राला तीन वेळा एकच प्रश्न विचारतो: माझ्यावर प्रेम आहे का? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं.

'का पळालास?' हा प्रश्न त्यात नाही. प्रत्येक 'हो'नंतर येशू त्याला एकच काम सांगतो, माझी मेंढरं सांभाळ. म्हणजे येशूवरचं प्रेम त्याच्या माणसांची काळजी घेऊन दाखवायचं. ईस्टरचा हाच भाग एरवी सर्वांत कमी सांगितला जातो.

चर्चमध्ये ईस्टरची सुरुवात शनिवारी रात्रीच होते. कॅथलिक चर्चमध्ये दिवे मालवतात, बाहेर अग्नी पेटवून त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावरून प्रत्येकजण आपली मेणबत्ती पेटवतो आणि शेजारच्याला ज्योत देतो. वसईत हा विधी मराठीतून होतो.