यंत्रांचे सूर – भाग ७ : पॅरिसच्या एका खोलीत

मागच्या भागात आपण शिकागोत होतो. ऐंशीच्या दशकात तिथल्या कृष्णवर्णीय तरुणांनी डिस्कोच्या तबकड्या आणि स्वस्तात मिळालेली ड्रम मशीन्स घेऊन हाउस संगीत कसे घडवले, ते पाहिले. आज त्याच ठेक्यामागोमाग पॅरिसला जायचे आहे, डाफ्ट पंक या जोडीकडे.

थॉमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्टो यांची १९८७ मध्ये पॅरिसच्या लिसे कार्नो शाळेत गाठ पडली. लोरां ब्रांकोविट्झ या मित्राला घेऊन त्यांनी आधी 'डार्लिन' हा गिटारचा बँड काढला. 'मेलडी मेकर' या ब्रिटिश साप्ताहिकाने त्यावर सडकून टीका केली आणि बँड लवकरच मोडला. या दोघांनी त्या टीकेतलेच शब्द उचलून नव्या जोडीला नाव दिले आणि यंत्रे हाती घेतली.

१९९७ साली आलेला त्यांचा पहिला अल्बम 'होमवर्क' बांगाल्तेरच्या घरी, झोपायच्या खोलीत ध्वनिमुद्रित झाला. हाताशी मोजकीच साधने होती. ठेक्यासाठी रोलँड टीआर-९०९ हे ड्रम मशीन. बाससाठी त्याच कंपनीचे टीबी-३०३, जे मुळात एकट्या गिटारवादकाला साथ मिळावी म्हणून बनवले होते. ते बाजारात चालले नाही आणि १९८४ मध्ये बंद झाले. त्याची बटणे वाजता वाजता फिरवली की निघणारा चिरका, वळणारा आवाज पुढे शिकागोच्या नाचघरांत गाजला. मुंबईत चरणजित सिंग यांनी त्याआधीच, १९८२ मध्ये, टीबी-३०३ वापरून रागांची डिस्को तबकडी काढली होती. डाफ्ट पंकच्या 'दा फंक'मध्ये हाच आवाज ऐकू येतो.

तिसरे साधन सॅम्पलर. जुन्या गाण्यातला दोन-चार सेकंदांचा तुकडा त्यात साठवायचा, त्याचा वेग किंवा पट्टी बदलायची आणि तो पुन्हा पुन्हा वाजवायचा. पण नुसती आवृत्ती कंटाळा आणते. म्हणून फिल्टर येतो. बंद दाराआडून शेजारचा रेडिओ ऐकताना फक्त घुमणारा खर्ज कळतो आणि दार उघडत गेले की शब्द, झांजा सगळे स्पष्ट होते. फिल्टर आवाजाचे तेच करतो. तुकडा तोच राहतो, उजेड बदलतो. त्यावर कॉम्प्रेसरची करामत: बेस ड्रमचा ठोका पडला की बाकीचे आवाज क्षणभर दबतात आणि लगेच उसळून वर येतात. सगळे गाणे श्वास घेतल्यासारखे हलू लागते. 'फ्रेंच हाउस' म्हणून जो बाज ओळखला जातो, त्याचा प्राण फिल्टर आणि हा श्वास.

'अराउंड द वर्ल्ड' या गाण्यात ही रीत उघडीच दिसते. सात मिनिटांच्या गाण्यात शब्द तीनच, तेही यंत्रातून गाळलेल्या आवाजात. तरी गाणे तेच ते वाटत नाही, कारण बास, गिटार, कीबोर्ड, ठेका यांतला एखादा आवाज सतत आत येतो किंवा बाहेर जातो. मिशेल गोंद्री या दिग्दर्शकाने व्हिडिओ करताना प्रत्येक आवाजाला नर्तकांचा एक गट दिला: गाणाऱ्या आवाजाला रोबो, बासला खेळाडू, गिटारला सांगाडे, ड्रम मशीनला ममी. कोणता आवाज कधी बोलतो, हे तिथे डोळ्यांनी मोजता येते. रचना म्हणजे काय, हे शिकवणारा याहून सोपा धडा मला माहीत नाही.

आपला आवाज सापडला म्हणून ते तिथे थांबले नाहीत. २००१ च्या 'डिस्कव्हरी'त त्यांनी बालपणीच्या डिस्कोकडे आणि रॉककडे मोर्चा वळवला. 'हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर'चा पाया एडविन बर्डसाँग यांच्या १९७९ च्या गाण्यातल्या तुकड्यावर उभा आहे. २०१३ च्या 'रँडम अॅक्सेस मेमरीज'मध्ये सॅम्पल जवळजवळ वर्ज्य केले आणि नाइल रॉजर्स, ओमर हकीम, नेथन ईस्ट अशा कसलेल्या वादकांना स्टुडिओत बसवले. या अल्बमला २०१४ मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. २०२१ च्या फेब्रुवारीत जोडी विसर्जित झाली.

खोलीतली यंत्रे जाऊन मोठा स्टुडिओ आला, तुकड्यांच्या जागी माणसे आली, तरी दोन क्षणांत ओळखू यावा असा त्यांचा आवाज टिकला. तो कुठल्याही यंत्राच्या पेटीत आयता मिळालेला नव्हता. काय ठेवायचे, काय काढायचे आणि एक तुकडा किती वेळ टिकवायचा, या निवडीतून तो घडला. आणि या निवडीमागे ऋणाची जाणीव होती: 'होमवर्क'मधले 'टीचर्स' हे गाणे म्हणजे ते ज्यांच्याकडून शिकले त्या संगीतकारांच्या नावांची यादीच आहे.

घरी संगणकावर गाणी रचू पाहणाऱ्या वाचकांना म्हणून एकच आग्रहाची विनंती. नवे सॉफ्टवेअर घेण्याआधी हेडफोन लावून 'अराउंड द वर्ल्ड' ऐका. एकदा फक्त बास, मग फक्त गिटार, मग फक्त ठेका. कोणता आवाज कधी आला आणि कधी गेला, ते कागदावर लिहा. नंतर हाताशी असलेल्या चार आवाजांत एक गाणे पुरे करा.