मलाय फिल्म प्रॉडक्शन्स
सिंगापूर येथील मलाय भाषिक चित्रपटांची एक प्रमुख निर्मितिसंस्था. रनमी शॉ (१९०१–८५) व रन रन शॉ (१९०७–२०१४) या चिनी बंधूंच्या मालकीची ही संस्था १९४७ च्या सुमारास जालान अंपास येथील स्टुडिओत कार्य करू लागली व १९६७ मध्ये बंद पडली. सु. वीस वर्षांत तिने दीडशेहून अधिक चित्रपट काढले.

शॉ कुटुंबाचा चित्रव्यवसाय मूळचा शांघायचा. तेथील चित्रपट आग्नेय आशियात खपविण्यासाठी रनमी व पाठोपाठ रन रन सिंगापूरला आले. चित्रपटगृहे, मनोरंजन-उद्याने व वितरण हाती आल्यावर ते निर्मितीकडे वळले. युद्धापूर्वी त्यांनी काही मलाय चित्रपट काढले. तथापि जपानी आक्रमणामुळे (१९४२) ते काम थांबले.

संस्थेचे भांडवल चिनी, दिग्दर्शक बहुतांशी भारतीय आणि नट-गायक मलाय होते. भारतीयांचा हा वाटा आकस्मिक नव्हता. ‘बांग्सावान’ ही मलाय संगीत-नाट्यपरंपरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मलायात आलेल्या पारशी नाटक मंडळ्यांच्या प्रभावातून उदयास आली होती आणि पहिला मलाय बोलपट लैला मजनून (१९३४) हा मुंबईच्या मोतीलाल केमिकल कंपनीने काढला होता. त्याचे दिग्दर्शक बी. एस. राजहंस यांनीच पुढे शॉ बंधूंसाठी सिंगापुरा दी वाक्तू मालाम (१९४७) दिग्दर्शित केला. एस. रामनाथन, एल. कृष्णन, बी. एन. राव, फणी मजुमदार हे त्यांच्यानंतरचे दिग्दर्शक होत. कथानके व गीतांच्या जागा पुष्कळदा भारतीय चित्रपटांवरून बेतलेल्या असत. मलाय साहाय्यक संवादांचे भाषांतर करीत. त्यामुळे पडद्यावर कांपोंग (मलाय खेडे) दिसले, तरी त्यातील माणसे परकी वाटतात, अशी टीका मलाय लेखकांनी केली. ती अनाठायी नव्हती.

ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली ती पी. रामली (१९२९–७३) यांनी. पिनांगच्या या तरुण गायकाला राजहंसांनी चिंता (१९४८) या चित्रपटासाठी आणले; बक्ती (१९५०) मध्ये ते नायक झाले. पनारेक बेचा (१९५५) या स्वतः दिग्दर्शित केलेल्या पहिल्याच चित्रपटात त्यांनी तीनचाकी सायकलरिक्षा ओढणाऱ्या गरिबाला नायक केले. मजुमदारांच्या आनाक-कु सझाली (१९५६) मधील भूमिकेबद्दल तोक्यो येथील आशियाई चित्रपट महोत्सवात (१९५७) त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक लाभले. बुजांग लापोक (१९५७) पासूनच्या विनोदी मालिकेतील तीन कफल्लक ब्रह्मचारी अस्सल मलाय आहेत. त्याच मालिकेतील सनिमान बुजांग लापोक (१९६१) मध्ये तर जालान अंपासच्या स्टुडिओचीच थट्टा आहे. मालकांनी ती चालू दिली, हे विशेष.

कलावंत मासिक वेतनावर बांधलेले असत. चित्रपट तुफान चालला, तरी नफा चित्रपटगृहांच्या मालकाकडे, म्हणजे शॉ बंधूंकडेच जाई. वेतनाच्या प्रश्नावरील असंतोषातून आणि संघटनेच्या काही सभासदांना कामावरून काढल्यामुळे १९५७ मध्ये संप झाला. रामली स्वतः या संघटनेचे अध्यक्ष होते.

पुढे ऱ्हासाची कारणे एकत्र आली. १९६३ मध्ये सिंगापुरात दूरचित्रवाणी सुरू झाली. त्याच सुमारास मलेशियाशी उद्‌भवलेल्या संघर्षामुळे इंडोनेशियाची मोठी बाजारपेठ तुटली. १९६५ मध्ये सिंगापूर मलेशियापासून वेगळे झाले. तोवर शॉ बंधूंचे लक्ष हाँगकाँगमधील चिनी चित्रपटांवर केंद्रित झाले होते. रामली १९६४ मध्येच क्वालालुंपुर येथील मर्डेका स्टुडिओत गेले होते. अन्य काही कलावंत त्यांच्यामागून गेले, तर उरलेल्यांपैकी अनेकांना हा व्यवसायच सोडावा लागला.