काळी माती आणि तिचा वाफसा

मराठी खेड्यांत जमिनीचीं दोन नांवें फार जुन्या काळापासून चालत आलेलीं आहेत. वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. घरें पांढरींत उभीं राहावयाचीं आणि धान्य काळींत पिकावयाचें, अशी ही वांटणी. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना ही भाषा आतां बहुधा पुस्तकांतूनच भेटते. परंतु त्यांच्या ताटांतील शाळूची भाकरी, हरभऱ्याची डाळ आणि चहांतील साखर यांचा बराच वांटा ज्या मातीनें पुरविलेला असतो, ती ही काळीच होय. तिचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. ज्या गुणामुळें ती पिकते, त्याच गुणामुळें ती नासतेही. हा गुण कोणता, आणि शेतकऱ्याच्या बोलींतील 'वाफसा' या लहानशा शब्दाशीं त्याचा संबंध काय, हें कृष्णाकांठच्या मातीकडे पाहिलें असतां स्पष्टपणें कळून येतें.

कृष्णा महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावते. कऱ्हाडास तिला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूर येथें वारणा मिळते, आणि नरसोबाच्या वाडीस पंचगंगा. या साऱ्या नद्यांचा उगम काळ्या खडकाच्या मुलुखांत आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. ते निवून बेसाल्ट नांवाचा जो खडक झाला, त्याचाच आपल्याकडील सह्याद्रि बनलेला आहे. ऊन, पाऊस आणि हवा यांच्या योगानें हा खडक हजारों वर्षें झिजत असतो. त्यांतील कांहीं द्रव्यें पाण्यांत विरघळून जातात. उरलेल्या द्रव्यांची नवी जुळणी होऊन अतिशय बारीक असे कण तयार होतात. पावसाळ्यांत हे कण धुपून नदींत येतात आणि नदी त्यांना खालच्या सपाट प्रदेशांत घेऊन जाते.

तेथें नदीच मातीची निवड करते. पूर कांठावरून बाहेर पडला कीं पाण्याचा वेग एकदम मंदावतो. वेग मंदावतांच जड वाळू आणि भरड गाळ प्रथम खालीं बसतो; म्हणून ऐन कांठालगत मळईची भुसभुशीत, किंचित् उंच पट्टी तयार होते. त्यापलीकडे, जेथें पुराचें पाणी सखल जागीं संथ उभें राहतें, तेथें अगदीं बारीक कण साचतात. असे थर शतकानुशतकें एकावर एक चढत जाऊन काळ्या चिकण मातीचीं खोल रानें तयार झालीं आहेत.

ही निवड घरीं पाहावयाची असेल त्यानें एका उंच कांचेच्या भांड्यांत मूठभर माती पाण्यांत चांगली घुसळून ठेवावी. वाळू कांहीं सेकंदांतच तळाशीं जाते. पोयट्याला कांहीं मिनिटांपासून कांहीं तासांपर्यंत अवधि लागतो. चिकण मातीचा कण मात्र फार सावकाश उतरतो. दोन सहस्रांश मिलिमीटर व्यासाच्या कणाला अवघे १० सेंटिमीटर खालीं येण्यास सुमारें ८ तास लागतात. त्याहून बारीक कण तर दिवसेंदिवस तरंगत राहून पाणी गढूळ ठेवतात. काळी माती वाहत्या पाण्यांत न सांचतां थांबलेल्या पाण्यांतच कां सांचते, याचा उलगडा या साध्या प्रयोगानें होतो.

तथापि चिकण माती म्हणजे अतिशय बारीक दळलेली वाळू, असें मात्र कोणीं समजूं नये. वाळूचा कण हा भरीव खडा असतो. काळ्या मातीचा कण पापुद्र्यांचा बनलेला असतो. जुन्या पोथीचीं पानें एकमेकांवर रचावीं तशी त्याची रचना असते. या वर्गांतील एका प्रमुख खनिजाला फ्रान्समधील एका गांवावरून मॉन्टमोरिलोनाइट असें नांव पडलें आहे. त्याच्या पापुद्र्यांची पकड इतकी सैल असते कीं त्यांच्यामध्यें पाणी सहज शिरतें आणि ते एकमेकांपासून दूर सरकतात. कोंकणांतील जांभ्या दगडापासून झालेल्या तांबड्या मातींतही चिकण कण असतात. पण त्यांचे पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळें ती माती अशी फुगत नाहीं.

पापुद्र्यांच्या या रचनेचा परिणाम ऐकून आश्चर्य वाटेल. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका तोळ्यांतील सर्व पापुद्रे सुटे करून पसरतां आले, तर त्यांचा एकंदर पृष्ठभाग सुमारें २ एकर भरेल. एवढ्या विस्तृत पृष्ठभागावर पाणी चिकटून राहूं शकतें. शिवाय या पृष्ठभागावर ऋण विद्युद्भार असतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश, अमोनिया वगैरे धनभारित द्रव्यांना तो आपल्याजवळ ओढून धरतो आणि पिकांच्या मुळांना हळूहळू देत राहतो. वाळूंत घातलेलें खत पहिल्याच जोराच्या पावसानें खालीं वाहून जातें. काळी माती त्याचा मोठा भाग राखून ठेवते. पाणी धरणें आणि अन्न धरणें हाच तिचा मूळ गुण, आणि पुढील सर्व हकीकत या एकाच गुणांतून निघते.

तिच्या रंगाविषयीं एक गैरसमज सर्वत्र आढळतो. माती काळी, अर्थात् तिच्यांत कुजलेल्या पालापाचोळ्याचा भरणा भरपूर, असें अनेकांना वाटतें. वस्तुतः दख्खनच्या काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्बाचें प्रमाण बहुधा शेंकडा एकाहूनही कमी असतें. जो थोडा सेंद्रिय अंश असतो तो चिकण कणांशीं घट्ट बांधला जाऊन मातीला गडद रंग देतो. तेव्हां रंगावर भुलून शेणखत देण्याची हयगय केली, तर माती काळीच राहील, परंतु पीक उतरेल.

पाणी शिरलें कीं फुगावयाचें आणि गेलें कीं आकसावयाचें, हा या मातीचा वार्षिक क्रम. चैत्र-वैशाखांत काळ्या रानांतून चालणाऱ्याला हाताचा पंजा सहज जाईल अशा रुंद भेगा दिसतात. त्या पुष्कळदां मीटरभर किंवा त्याहूनही खोल जातात. वरची भुसभुशीत माती वाऱ्यानें आणि गुरांच्या पायांनीं या भेगांत पडते. मृगाचा पाऊस सुरू झाला म्हणजे पहिलें पाणी या वाटांनींच थेट खोलवर उतरतें. पुढें माती फुगून भेगा मिटतात. आंत पडलेल्या मातीला जागा करून देण्यासाठीं खालचे थर एकमेकांवर घासत वर सरकतात. खोल खड्डा खणला असतां या घर्षणानें गुळगुळीत, चकचकीत झालेल्या बाजू दिसून येतात. सारांश, ही जमीन वर्षानुवर्षें आपली नांगरट थोडीफार आपणच करीत असते. मात्र ही नांगरट व्हावयास तिला वाळावयास वेळ मिळाला पाहिजे.

शेताला उपकारक असलेली हीच हालचाल घराला घातक ठरते. काळ्या जमिनीवर उथळ पाया घेऊन बांधलेली भिंत पावसाळ्यांत उचलली जाते आणि उन्हाळ्यांत खचते. सर्व ठिकाणीं सारखी नव्हे, म्हणून भिंतींना तिरप्या चिरा पडतात आणि दारें चौकटींत अडकतात. पूर्वीं वस्तीसाठीं पांढरी निवडीत, त्या निवडींतील शहाणपण येथें दिसून येतें. शहरें वाढून काळ्या रानांवर पसरूं लागल्यावर नवा उपाय शोधावा लागला. रुरकी येथील मध्यवर्ती इमारत संशोधन संस्थेनें तळाशीं फुगवटा असलेले जमिनींतील खांब वापरण्याची पद्धत विकसित केली. हे खांब साधारणतः साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल, म्हणजे जेथें ओलावा वर्षभर फारसा बदलत नाहीं अशा थरापर्यंत नेतात.

आतां वाफशाकडे वळावयाचें. पाऊस पडून गेल्यावर जमिनींत अशी एक अवस्था येते कीं मुळांना पुरेसा ओलावा असतो आणि श्वासोच्छ्वासाला पुरेशी हवाही असते. मुठींत दाबलेल्या मातीचा गोळा होतो, पण तो खालीं टाकला तर फुटतो. औताला माती चिकटत नाहीं आणि ढेंकळेंही निघत नाहींत. या अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतो. हलक्या जमिनीला तो लवकर येतो. काळीला तो उशिरां येतो आणि थोडेच दिवस टिकतो. त्याआधीं औत घातलें तर माती थापली जाऊन तिचीं ढेंकळें दगडासारखीं वाळतात; तो टळल्यावर घातलें तर फाळ आंत शिरत नाहीं. काळ्या मातीचा शेतकरी पावसाळ्यांत आभाळाइतकाच पायांखालीं पाहतो, तें यामुळेंच.

वाफसा साधला कीं ही माती आपली सांठवण मोकळी करते. भाद्रपद-आश्विनांत पेरलेला शाळू किंवा हरभरा पुढें पावसाचा थेंब न पडतांही केवळ पोटांतील ओलीवर वाढतो आणि माघ-फाल्गुनांत काढणीला येतो. मात्र तिची सारीच सांठवण पिकाला मिळते असें नाहीं. चिकण कण पाण्याला इतक्या घट्टपणें धरून ठेवतात कीं जवळजवळ निम्मा वांटा मुळांना ओढून घेतां येत नाहीं. पीक सुकूं लागलें तरी माती हाताला ओलसरच लागते.

पाणी जाण्याची वाटच बंद झाली म्हणजे काय होतें, हें ऑगस्ट २०१९ च्या पुरानें दाखविलें. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी तेव्हां सुमारें ५७ फुटांपर्यंत चढली आणि कांठचीं रानें अनेक दिवस पाण्याखालीं राहिलीं. अशा जमिनींतील हवा एकदोन दिवसांतच संपुष्टांत येते. मुळें गुदमरतात आणि नत्राचा कांहीं भाग वायुरूपानें निघून जातो. पूर सुपीक गाळ आणतो हें खरें. परंतु तो लवकर ओसरला तरच त्या गाळाचा लाभ पदरांत पडतो.

पूर निदान डोळ्यांना दिसतो. दुसरें संकट जमिनीच्या पोटांतून, न दिसतां येतें. पूर्वीं काळ्या रानाला दरवर्षीं उन्हाळा मिळे. कालवे आणि नदीवरील उपसा यंत्रें आल्यावर तेथें ऊंस आला, आणि अडसाली ऊंस तर सोळा ते अठरा महिने शेतांत उभा असतो. पाण्याच्या पाळ्यांवर पाळ्या पडत राहिल्या म्हणजे वाफशाला अवकाशच उरत नाहीं. खालीं निचरा मंद असल्यामुळें भूगर्भांतील पाणी वर चढूं लागतें. मातीच्या केशासारख्या सूक्ष्म नळ्यांतून तें पृष्ठभागापर्यंत येतें, उन्हानें उडून जातें, आणि त्यांतील क्षार मागें राहतात. शेतावर पांढरा थर दिसूं लागतो. जमीन खारवट होते. पुढें सोडियम कॅल्शियमला हुसकावून त्याची जागा घेतो. कॅल्शियम कणांना एकत्र बांधून त्यांचे रवे करतो; सोडियमच्या योगानें ते सुटे होऊन पाण्याच्या वाटा बुजवितात. हीच चोपण जमीन. ओली असतां ती लोण्यासारखी निसरडी, वाळली असतां विटेसारखी कठीण.

हें दुखणें नवें नाहीं. नीरा खोऱ्यांत कालव्याचें पाणी आल्यावर जमिनी खारावूं लागल्या, आणि हॅरोल्ड मॅन व तम्हाणे यांनीं त्या जमिनींचा अभ्यास करून १९१० सालीं तो प्रसिद्ध केला. तेथील अनुभव हातीं असतांही पुढें कृष्णाकांठीं वाळवा, मिरज आणि शिरोळ या तालुक्यांत तेंच घडलें. ज्या रानानें बापाला ऊंस दिला, त्याच रानांत मुलाला गवताखेरीज कांहीं उगवतांना दिसूं नये, असे प्रसंग तेथें आले.

उपाय आहे, पण त्याचा क्रम चुकतां कामा नये. आधीं निचरा, मग औषध. प्रथम चर खणून किंवा छिद्रें असलेले नळ जमिनीखालीं बसवून पाण्याला ओढ्याकडे वाट करून द्यावी लागते. नंतर जिप्सम घालावयाचें; त्यांतील कॅल्शियम आपली जुनी जागा परत घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर नळांतून निघून जातो. नळच नसले तर तो जाणार कोठें? ताग-धैंचाचें हिरवळीचें खत, उंसाच्या मागून कमी पाण्याचें पीक, आणि पिकाला लागेल तितकेंच पाणी, हीं पथ्यें त्यापुढें कायमचीं पाळावीं लागतात. एकाच्या शेतांतला निचरा दुसऱ्याच्या बांधावर अडतो, म्हणून हें काम एकट्यादुकट्याचें नव्हे. शिवारांतील सर्वांनीं मिळून करावयाचें आहे.

पाणी धरून ठेवणें हा काळ्या मातीचा गुण असला, तरी तें सोडून देण्याची सोय आणि सवड माणसानें तिला दिली पाहिजे. शेतकरी वाफशाची वाट पाहत बांधावर बसतो, तो त्याचा आळस नव्हे. ज्या वर्षीं तो ही वाट पाहण्याचें सोडून देतो, त्या वर्षापासून जमिनीचें दुखणें सुरू होतें. आणि तें डोळ्यांना दिसेपर्यंत पुष्कळदां बरींच वर्षें निघून गेलेलीं असतात.