राजमा, दाब आणि दोन अंश

कारवारच्या किनाऱ्यावर पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. पण जोयडा तालुका घाटमाथ्यावर आहे. ५०० मीटर उंचीवर ते साधारण ९८ अंशांनाच उकळू लागतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात राजमा शिजायला जास्त वेळ लागतो. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो आणि तापमान १२० अंशांच्या आसपास पोचतं. मेक्सिकन पद्धतीचा घोटून परतलेला राजमा करायचा तर कुकर सोयीचा पडतो.

दाण्यातल्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात. उष्णतेने ते विरघळलं की दाणा डावाने सहज घोटला जातो. आंबट पदार्थ आणि पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट धरून ठेवतात. म्हणून टोमॅटो किंवा आमसूल शिजल्यावरच घालावं. भिजवताना मीठ मात्र जरूर घालावं, साल मऊ होते.

आता सर्वांत महत्त्वाचं. कच्च्या लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. त्याने उलट्या-जुलाब होतात. नुसत्या मंद आचेवर, ८० अंशांना, ते नष्ट होत नाही. रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात शिजवा. कुकर अर्ध्याहून जास्त भरू नका. फेस शिट्टीच्या भोकात अडकतो. चमचाभर तेल घातलं की फेस कमी येतो.

मग कढईत कांदा-लसूण परतून राजमा घोटत आटवा. थोडा सैलसरच उतरवा, कारण निवताना स्टार्चमुळे तो आणखी घट्ट होतो.