शाळा कोणती, हे आपण ठरवायचं

"याला स्पेशल स्कूलमध्ये घाला," बालाघाटच्या एका शाळेत सांगितलं. आमचा मुलगा सात वर्षांचा, ऑटिस्टिक. बोलतो कमी, पण रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर तोंडपाठ. विशेष शाळेसाठी नागपूरला जायचं, तर आजी-आजोबा सुटणार.

मग दिव्यांग हक्क कायदा, २०१६ वाचला. त्यात ऑटिझम आहे. सरकारमान्य शाळेने अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निवड आपली.

प्रमाणपत्र काढलं. दुसऱ्या शाळेत जाताना बायकोने एक पानच लिहून नेलं: घंटेला घाबरतो, पाणी हवं की बाटलीकडे बोट दाखवतो, तोंडी सांगण्यापेक्षा चित्र लवकर कळतं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "घंटेआधी त्याला सांगून ठेवलं तर चालेल?"

तिथेच आमची शाळा ठरली. कायद्याने दार उघडतं; आत मूल रमतं ते अशा प्रश्नामुळे. तुमच्या घरी असं मूल असेल, तर हे पान आजच लिहायला घ्या.