परदेशातलं रिसॉर्ट बुक करताय? आधी थ्री-स्टार रिव्ह्यू वाचा



आपल्या चॅनेलवर मी तुम्हाला नेहमी सांगतो, गिऱ्हाईकाकडून रिव्ह्यू मागा, काउंटरवर क्यूआर कोड लावा, गूगलवर स्टार वाढवा. आज जरा काउंटरच्या पलीकडे जाऊन उभे राहू. आज आपण गिऱ्हाईक आहोत. वर्षभर गल्ल्यातून बाजूला काढलेले दोन-तीन लाख रुपये आणि घरची सगळी मंडळी घेऊन परदेशातल्या रिसॉर्टला निघालोय. या आठवड्याच्या व्हिडिओत हा विषय घाईत आटपला होता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही थायलंडला, फुकेतला गेलो. रिसॉर्टचं रेटिंग ४.६. डिसेंबरात जो भाव होता त्याच्या जवळपास निम्म्यात खोली मिळाली. मी खूश! लोकांना खरेदी शिकवणारा माणूस मी, मलाच एवढं भारी डील मिळालं म्हणून बायकोला दोनदा ऐकवलं. तिथे पोचलो तर समुद्रावर लाल झेंडे लावलेले. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. मग काय, मुलांना घेऊन रिसॉर्टच्या पूलवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी सात वर्षांची मुलगी पूलच्या पायरीवरून घसरली आणि थेट खोल पाण्यात गेली. मी फोनवर एका डीलरशी बोलत होतो. चेन्नईच्या एका काकांनी कपड्यांसकट उडी मारून तिला बाहेर काढलं. लाईफगार्ड नव्हताच.

त्या रात्री झोप लागली नाही. मोबाईल काढला आणि त्याच रिसॉर्टच्या रिव्ह्यूंमध्ये ‘पूल’ हा शब्द शोधला. आठ महिन्यांपूर्वीचा एक थ्री-स्टार रिव्ह्यू सापडला. नाश्ता छान, स्टाफ चांगला, पण पूलच्या पायऱ्या बुळबुळीत, शेवटच्या पायरीनंतर एकदम खोल, लक्ष ठेवायला कोणी नाही, लहान मुलं असतील तर सांभाळा. सगळं लिहिलेलं होतं. मीच वाचलं नव्हतं. मी वरवरचे दहा फाइव्ह-स्टार वाचले होते आणि गंमत म्हणून दोन वन-स्टार.

मुलगी ठीक आहे. पण त्या रात्री जे शिकलो ते तुम्हाला फुकटात देतोय.

स्टार नेमकं काय सांगतात?

तुम्ही स्वतः रिव्ह्यू कधी मागता ते आठवा. माल आवडलाय, गिऱ्हाईक हसतंय, पिशवी हातात आहे, तेव्हा आपण म्हणतो, “ताई, तेवढं गूगलवर टाका ना.” रुसून गेलेल्या गिऱ्हाईकाला आपण कधी म्हणतो का? रिसॉर्टही तेच करतं. चेक-आउटच्या वेळी हसतमुख माणसाला गाठतं. यात लबाडी काही नाही, धंदा आहे. पण म्हणून ४.६ या आकड्याचा अर्थ एवढाच, की ज्यांचं सगळं सुरळीत गेलं त्यांना मजा आली. काही बिघडलं तर काय होतं, हे त्या आकड्यात नसतं. आणि घरच्यांना घेऊन जाताना आपल्याला तेच कळायला हवं.

दुसरी गोष्ट, रिव्ह्यू बनवताही येतात. लंडनमध्ये २०१७ साली ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने आपल्या घरामागच्या शेडला रेस्टॉरंट म्हणून ट्रिपअॅडव्हायझरवर नोंदवलं. जेवणाचे फोटो म्हणून शेव्हिंग फोम वगैरे वापरून केलेल्या डिश. रिव्ह्यू मित्रांकडून लिहून घेतले. जे हॉटेल अस्तित्वातच नव्हतं ते काही महिन्यांत लंडनमध्ये पहिल्या नंबरवर पोचलं! टेबल मागायला लोकांचे फोन येत होते.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. २०१७ मध्येच अमेरिकेतल्या ‘मिलवॉकी जर्नल सेंटिनेल’ या वर्तमानपत्राने मेक्सिकोतल्या रिसॉर्टविषयी बातम्या दिल्या. तिथे आपल्यावर अत्याचार झाला, दारूचे एक-दोन पेग घेऊन बेशुद्ध पडलो, असं पर्यटकांनी लिहिलेलं ट्रिपअॅडव्हायझरने काढून टाकलं होतं. एका महिलेने २०१० मध्ये इतरांना सावध करायला लिहिलेली पोस्ट, भाषा कौटुंबिक वाचकांना साजेशी नाही या नियमाखाली उडवली गेली होती. बातमीचा गवगवा झाल्यावर कंपनीने माफी मागितली, पोस्ट परत लावली, आणि सुरक्षिततेच्या गंभीर तक्रारी असलेल्या हॉटेलांच्या पानावर इशारा दाखवायला सुरुवात केली. पण मधली सात वर्षं त्या पानावर आलेल्या माणसाला काय दिसलं? फक्त समुद्र आणि नारळाची झाडं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. रिव्ह्यूवरून आराम ठरवा. सुरक्षितता मात्र स्वतः विचारून ठरवा.

रिव्ह्यू कसे वाचायचे?

एक. आधी तीन आणि दोन स्टारवाले वाचा. फाइव्ह-स्टारवाला खुशीत असतो, वन-स्टारवाला रागात असतो. थ्री-स्टारवाला हिशेब मांडतो. काय आवडलं, काय नाही, दोन्ही लिहितो.

दोन. तुम्ही ज्या महिन्यात जाणार त्याच महिन्यातले रिव्ह्यू शोधा. माझी खरी चूक ही होती. फुकेतला साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळा आणि खवळलेला समुद्र. मालदीवमध्येही नैर्ऋत्य मोसमी वारे याच काळात. श्रीलंकेचा दक्षिण-पश्चिम किनारा मे ते सप्टेंबर ओला असतो, त्या वेळी पूर्व किनारा चांगला. बालीचं उलट आहे, तिथे मोठा पाऊस नोव्हेंबर ते मार्च. आपली शाळेची सुट्टी मे महिन्यात, म्हणून आपल्याला ‘ऑफ सीझन डील’ दिसतं. डिसेंबरात गेलेल्या माणसाचा रिव्ह्यू मे महिन्यात जाणाऱ्याच्या काय कामाचा?

तीन. शब्द टाकून शोधा. बहुतेक साइटवर रिव्ह्यूंमध्ये शोधायची सोय असते. पूल, चोरी, लॉकर, पोलीस, डॉक्टर, उलट्या, सिक्युरिटी, एकटी महिला, हे शब्द इंग्रजीत टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

चार. मालकाची उत्तरं वाचा. तुम्ही धंदा करता, तुम्हाला हे चटकन कळेल. “पायऱ्यांवर रबरी पट्ट्या बसवल्या” असं लिहिणारा मॅनेजर वेगळा, आणि प्रत्येक तक्रारीखाली “आपल्या अभिप्रायाबद्दल आभार” चिकटवणारा वेगळा. गिऱ्हाईकाशीच भांडणारा तर आपण सोडूनच द्यायचा.

पाच. लिहिणारा कोण आहे ते बघा. त्याच्या नावावर क्लिक करा. आयुष्यात एकच रिव्ह्यू, एकाच आठवड्यात असे वीस जण, सगळ्यांची भाषा सारखी, तर समजून घ्या. साइटचा नियमही लक्षात ठेवा. गूगलवर कुणीही लिहू शकतं. बुकिंग डॉट कॉमवर तिथून बुकिंग केलेल्याच माणसाला लिहिता येतं. दोन्हीकडे बघा आणि ताडून बघा.

जाता जाता, आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलंय. स्वतःच्या धंद्यासाठी विकतचे रिव्ह्यू घेण्याचा विचार मनात असेल तर आजच काढून टाका.

रिसॉर्टला विचारायचे प्रश्न

बुकिंगआधी रिसॉर्टच्या अधिकृत वेबसाइटवरून ईमेल आयडी घ्या आणि साध्या इंग्रजीत लिहा. पूलवर लाईफगार्ड किती ते किती असतो? लहान मुलांचा वेगळा पूल आहे का? खोलीला आतून कडी आणि सेफ आहे का? जवळचा दवाखाना किती लांब? रात्री दोन वाजता गरज पडली तर न्यायची सोय काय?

शेवटचा प्रश्न मालदीवसाठी फार महत्त्वाचा. तिथली बहुतेक रिसॉर्ट स्वतंत्र बेटावर असतात. लांबच्या बेटांवर सी-प्लेनने नेतात आणि सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. म्हणजे रात्री आजारी पडलात तर बोट, नाहीतर बेटावरचा डॉक्टर. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर हे आधी माहीत हवं. तुमचं विमान संध्याकाळी उशिरा उतरत असेल तर पहिली रात्र मालेजवळच काढावी लागेल, तो खर्चही धरा. भावापुढे दोन अधिकची चिन्हं असतील तर टॅक्स आणि सर्व्हिस चार्ज वेगळा. मोठ्या रिसॉर्टमध्ये २०२५ पासून ग्रीन टॅक्सच माणशी दर रात्री १२ डॉलर आहे. चार माणसं, चार रात्री, १९२ डॉलर. पॅकेजमध्ये धरलाय का, विचारा.

उत्तर आलंच नाही किंवा गोलमोल आलं, तर तेही उत्तरच समजा.

पैसे देताना

व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड आलेलं पॅकेज, “आज रात्री बारापर्यंतच हा रेट”, आणि पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर यूपीआयने. इथे थांबा. शक्यतो क्रेडिट कार्डाने पैसे द्या. फसवणूक झाली तर बँकेकडे व्यवहाराविरुद्ध तक्रार करता येते. यूपीआयने गेलेला पैसा परत मिळवणं फार अवघड जातं.

परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याने टीसीएस घेणं ऑक्टोबर २०२० पासून कायद्याने लागतं. तो पैसा आपण रिटर्न भरताना वळता करून घेतो. म्हणून “बिल नको, तुमचा टीसीएस वाचवतो” म्हणणारा एजंट तुमचं काहीच वाचवत नाहीये. उद्या तक्रार करायला तुमच्याकडे पावतीच राहणार नाही.

अजून एक चाल. बुकिंग झाल्यावर त्याच साइटच्या चॅटमध्ये मेसेज येतो, कार्ड व्हेरिफाय झालं नाही, चोवीस तासांत या लिंकवर भरा. हॉटेलचा पासवर्ड चोरून हे केलं जातं, म्हणून मेसेज अस्सल वाटतो. लिंक दाबू नका. हॉटेलच्या अधिकृत नंबरवर फोन करून खात्री करा.

तिथे पोचल्यावर

भारतीय दूतावासाचा इमर्जन्सी नंबर निघण्याआधीच सेव्ह करा. थायलंडमध्ये टुरिस्ट पोलीस ११५५, मालदीवमध्ये पोलीस ११९. पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत आणि फोटो घरच्या एका माणसाच्या मोबाईलवर ठेवा.

पिणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसच्या वांग वियेंग गावात मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन सहा परदेशी पर्यटक दगावले. मिथेनॉल चवीवरून ओळखता येत नाही. फुकटचे शॉट आणि बादलीतलं कॉकटेल नको. सीलबंद बाटली किंवा बिअर, तीही डोळ्यांसमोर उघडलेली. पिण्यानंतर नजर धूसर झाली तर झोपून राहू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या आणि त्यात काय बसत नाही ते पान आधी वाचा. दारू पिऊन झालेला अपघात आणि लायसन्स नसताना चालवलेली स्कूटर बहुतेक पॉलिसींमध्ये बसत नाही.

आणि पूलवर, समुद्रावर मुलं पाण्यात असतील तेव्हा एका मोठ्या माणसाची ड्युटी लावा. त्याचा मोबाईल खोलीत. धंद्याचा फोन अर्ध्या तासाने घेतला तरी डीलर पळून जात नाही. हे मी स्वतःला सांगतोय.

आजचा गृहपाठ

तुमच्या मनात असलेलं एक रिसॉर्ट निवडा. त्याचे दहा थ्री-स्टार रिव्ह्यू वाचा, तुमच्या महिन्यातले तीन शोधा, आणि वरचे प्रश्न ईमेलने पाठवा. मग बुक करायचं की नाही ते ठरवा.

आणि फिरून आल्यावर तुम्हीही रिव्ह्यू लिहा. नाश्त्याबरोबर पूलच्या पायऱ्यांबद्दलही लिहा. मी त्या रिसॉर्टला तीन स्टार दिले आणि सगळं लिहिलं. पुढच्या मे महिन्यात कुणीतरी बाप बुकिंगआधी ते वाचेल एवढीच अपेक्षा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, घरच्यांना जपा!